मागे फिरता येईल असं लिनक्स

विंडोज सोडून लिनक्स या मोफत कार्यप्रणालीकडे वळू पाहणाऱ्याने "कुठलं घेऊ?" एवढं विचारायचा अवकाश, उत्तरांचा पाऊस पडतो. कुणी उबुंटू सांगतं, कुणी मिंट, कुणी फेडोरा. आर्च स्वतःच्या हाताने बसवल्याशिवाय लिनक्स कळायचंच नाही, असं सांगणारा एक जण तर हमखास भेटतो. प्रत्येकाच्या बोलण्यात तथ्य असतं, म्हणूनच विचारणारा आणखी गोंधळतो. मग तो याद्या धुंडाळू लागतो. डिस्ट्रोवॉच ही साइट २००१पासून डिस्ट्रोंची, म्हणजे लिनक्सच्या अशा वेगवेगळ्या तयार संचांची, नोंद ठेवते आहे, आणि तिच्यावरची क्रमवारी पाहून वरच्या चार-पाचांतलं एखादं उचलणारे मी बरेच पाहिले आहेत. ती क्रमवारी मोजते ते एवढंच, की त्या साइटवरचं त्या डिस्ट्रोचं पान किती वेळा उघडलं गेलं. किती संगणकांवर ते चालतं, किती जणांचं त्यावर भागतं, किती जण महिन्याभरात कंटाळून विंडोजकडे परतले, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. लोकांना सध्या कशाचं कुतूहल आहे हे त्या यादीवरून छान कळतं. निवड मात्र तिच्यावरून करू नये, असं मला मनापासून वाटतं.

इतकी डिस्ट्रो आहेतच कशाला, हा त्यापुढचा प्रश्न. लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या प्रकल्पाची वार्ता दिली, तेव्हा त्याच्याकडे होता तो कर्नल. हार्डवेअर आणि बाकीचे प्रोग्राम यांच्यामध्ये बसून मेमरी, डिस्क, प्रोसेसर वाटून देणारा गाभा. नुसता कर्नल घेऊन कुणी पत्र लिहू शकत नाही की फोटो पाहू शकत नाही. रिचर्ड स्टॉलमनने १९८३मध्ये जाहीर केलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या जीएनयू प्रकल्पातली साधनं, पडद्यावर खिडक्या दाखवणारा डेस्कटॉप, सॉफ्टवेअर आणून बसवणारा पॅकेज मॅनेजर, इन्स्टॉल करून देणारा प्रोग्राम, हे सगळं कुणीतरी निवडून, जुळवून, तपासून हाती द्यावं लागतं. असं जुळवून हाती दिलेलं संकलन म्हणजे डिस्ट्रो. स्लॅकवेअर आणि डेबियन ही दोन्ही १९९३ची, आणि दोन्ही आजही चालू आहेत. डेबियनच्या पायावर २००४मध्ये उबुंटू उभं राहिलं, उबुंटूच्या पायावर २००६मध्ये लिनक्स मिंट. झोरिन आणि पॉप ओएसही त्याच घराण्यातली. फेडोराचं घराणं रेड हॅटचं, आर्चचं वेगळं.

ही वंशावळ पाठ करायची गरज नाही, पण नवख्याला तिचा एक फायदा आहे. मिंट २२ हे उबुंटू २४.०४वर बांधलेलं आहे, त्यामुळे उबुंटू २४.०४साठी लिहिलेली बहुतेक उत्तरं मिंटवर जशीच्या तशी लागू पडतात. अडचण आली आणि शोध घेतला, तर आपल्याआधी त्याच ठिकाणी अडकलेला कुणीतरी सापडण्याची शक्यता मोठ्या घराण्यात खूप जास्त. एखादं देखणं, नवं, दोघा-तिघांनी चालवलेलं डिस्ट्रो पाहून मन मोहतं तेव्हा मी हेच सांगतो: आधी त्यातल्या एखाद्या अडचणीचं उत्तर शोधून बघ, मिळतंय का.

माझी स्वतःची कसोटी मात्र मला एका मित्राच्या वडिलांमुळे सापडली. त्यांचा लॅपटॉप चांगला धडधाकट होता, पण विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षाचिप त्यात नव्हती, आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपणार होता. मी त्यांना दोन-तीन डेस्कटॉप दाखवले, कुठला मेनू कसा दिसतो ते समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "हे सगळं ठीक आहे रे. पण बिघडलं तर मी काय करायचं? तू काही रोज येणार नाहीस."

"काका, बिघडलं तर परत आदल्या दिवशीसारखं करता येतं," मी म्हणालो.

"मला करता येईल का ते सांग."

त्या प्रश्नापुढे मेनूच्या जागा आणि आयकॉनचे रंग एकदम किरकोळ वाटू लागले. नवखा माणूस चुकणार हे गृहीतच धरायला हवं. तो नको ते पॅकेज काढेल, कुठून तरी उचललेली आज्ञा चालवेल, अपडेट अर्ध्यावर असताना झाकण मिटेल. त्याला हवं ते अशा प्रत्येक वेळी त्याचा त्याला मागे फिरता येईल असं डिस्ट्रो. पोहायला शिकणाऱ्याला पाय टेकतील एवढ्याच पाण्यात उतरवतात, ते पाणी त्याला सोडणार नाही म्हणून नव्हे, तर गटांगळी खाल्ली तरी उभं राहता यावं म्हणून. विंडोजसारखं दिसणं, कमी मेमरी खाणं, ताजं सॉफ्टवेअर मिळणं हे सगळे गुण मी मानतो, पण नवख्याच्या बाबतीत या एका गुणानंतर.

मागे फिरण्याची पहिली सोय इन्स्टॉल करण्याच्याही आधी मिळते, आणि इतकी मोलाची असूनही लोक ती घाईघाईत उरकतात. पेन ड्राइव्हवर डिस्ट्रोची आयएसओ फाइल (अख्खं डिस्ट्रो एकत्र बांधलेली फाइल) लिहायची, संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा, की अख्खं लिनक्स चालू होतं आणि आतल्या डिस्कला हातही लागत नाही. याला लाइव्ह सेशन म्हणतात. बंद करून पेन ड्राइव्ह काढला की विंडोज जिथल्या तिथे. बहुतेक जण यात वॉलपेपर बघतात, मेनू उघडून मिटतात आणि "छान आहे" म्हणून इन्स्टॉलवर टिचकी मारतात. माझा आग्रह असतो की दोन-तीन संध्याकाळी या लाइव्ह सेशनमध्येच काढाव्यात आणि आपलं हार्डवेअर एकेक करून तपासावं. वायफाय जोडलं जातं का? इथे ब्रॉडकॉमच्या काही चिप अडतात, त्यांचा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो. आवाज स्पीकरमधून येतो का, आणि हेडफोन लावल्यावर तिकडे वळतो का? कॅमेरा, ब्लूटूथ, उजेड कमी-जास्त करणारी बटणं, दोन बोटांनी सरकणारा टचपॅड? झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो आणि उघडल्यावर नीट जागा होतो का? हा शेवटचा प्रश्न बहुतेकांना इन्स्टॉल झाल्यावर आठवतो, आणि लॅपटॉपवर रोज चिडचिड होते ती नेमकी यावरून. घरात प्रिंटर असेल तर तोही जोडून बघावा. अलीकडचे नेटवर्क प्रिंटर वेगळा ड्रायव्हर न बसवता चालतात, जुन्यांचा भरवसा नाही.

आपल्याला मराठीत लिहायचं असेल तर तेही तिथेच बघून घ्यावं. देवनागरी दिसण्याची अडचण आता मोठ्या डिस्ट्रोंत उरलेली नाही, जोडाक्षरं नीट जुळतात. इनस्क्रिप्टची सवय असलेल्याला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये देवनागरी रचना मिळते. उच्चारावरून, रोमन अक्षरांतून टाइप करणाऱ्याला मात्र आयबस हा टायपिंगची सोय करणारा प्रोग्राम आणि त्यासोबतचं एम१७एन पॅकेज घ्यावं लागतं. मिनिटभराचं काम आहे, पण आधी माहीत नसेल तर माणूस "लिनक्समध्ये मराठी येत नाही" असा समज घेऊन परत जातो.

एक काळजी पेन ड्राइव्ह तयार करतानाची. आयएसओ फाइल डिस्ट्रोच्या मूळ साइटवरूनच घ्यावी आणि तिचा एसएचए-२५६ हा ठसा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा आकडा, साइटवर दिलेल्याशी जुळतो का ते तपासावं. हे बारकावे हौशी लोकांसाठी आहेत असं वाटतं खरं. पण २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्याच साइटमध्ये कुणी घुसखोरी केली आणि मिंट १७.३च्या सिनॅमन डेस्कटॉपवाल्या आवृत्तीची लिंक चोरवाट पेरलेल्या आयएसओकडे वळवली. मिंटच्या लोकांनी ते लगेच उघडपणे जाहीर केलं, त्याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो. तरी त्या दिवशी ज्यांनी फाइल उतरवली आणि ठसा ताडून पाहिला नाही, त्यांच्यासाठी सगळा खेळ पहिल्याच पायरीवर बिघडला होता.

यानंतरचं इन्स्टॉल करणं हा या सगळ्या प्रवासातला एकमेव टप्पा, जिथे चुकीला माफी नाही. "डिस्क पुसून इन्स्टॉल करा" हा पर्याय निवडून पुढे गेलं, की फोटो, कागदपत्रं, सगळं गेलं. म्हणून आधी बॅकअप, तोही दुसऱ्या डिस्कवर, आणि तो उघडून पाहिलेला. विंडोज शेजारी ठेवून दोन्ही चालवायचं असेल तर डिस्कवरचं विंडोजचं विभाजन (पार्टिशन) विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करावं आणि फास्ट स्टार्टअप बंद करावं. ते चालू असताना विंडोज पुरतं बंद होत नाही, त्यामुळे त्याच्या विभाजनात लिनक्समधून लिहिणं धोक्याचं ठरतं. डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं बिटलॉकर चालू आहे का हेही बघावं. असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवावी, कारण बूट होण्याची पद्धत बदलली की विंडोज ती मागू शकतं. दोन्ही प्रणाली शेजारी ठेवणं हा सुरक्षित मार्ग आहे अशी समजूत आहे. एकाच डिस्कवर, बॅकअपशिवाय केलं तर तो सगळ्यांत नाजूक मार्ग ठरतो. जुना, बाजूला पडलेला संगणक असेल तर त्याच्यावर फक्त लिनक्स टाकून शिकणं मला कितीतरी बरं वाटतं.

आता इन्स्टॉल झाल्यानंतरची गोष्ट. इथे डिस्ट्रो-डिस्ट्रोंमध्ये खरा फरक दिसतो, आणि माझा कल लिनक्स मिंटकडे का आहे तेही इथेच सांगता येईल. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाचं साधन आधीपासून बसवलेलं असतं आणि पहिल्याच दिवशी स्वागताच्या खिडकीत ते चालू करायला सुचवलं जातं. रोज किंवा आठवड्याला ते प्रणालीच्या फाइलींचं छायाचित्र घेतं. अपडेटनंतर काही बिनसलं तर यादीतली आधीची तारीख निवडायची, रिस्टोर म्हणायचं, संगणक पुन्हा सुरू करायचा. डेस्कटॉपच उघडत नसेल तर ज्या पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल केलं त्यावरूनच लाइव्ह सेशन चालू करून त्यातल्या टाइमशिफ्टला आतली डिस्क दाखवता येते. म्हणून मी तो पेन ड्राइव्ह पुसू देत नाही. लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवायला सांगतो. काकांना मी दिलेलं उत्तर या साधनाच्या जोरावर होतं. एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगायला हवी: टाइमशिफ्ट आपल्या होम फोल्डरमधल्या फाइली मुळात धरत नाही. प्रणाली मागे जावी आणि काल लिहिलेलं पत्र मात्र जागेवर राहावं, असा त्यामागचा विचार आहे आणि तो योग्यच आहे. पण म्हणूनच फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप निराळा घ्यावा लागतो. हे न समजल्याने हळहळणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसरी सोय फारशी कुणी सांगत नाही. उबुंटू आणि मिंट नवा कर्नल आला तरी आधीचा एखादा ठेवून देतात. नव्या कर्नलनंतर वायफाय गायब झालं किंवा पडदा काळा राहिला, तर सुरू होताना ग्रबचा, म्हणजे कुठली प्रणाली सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू उघडून त्यातल्या प्रगत पर्यायांत जुना कर्नल निवडता येतो. संगणक कालच्यासारखा चालू होतो, आणि दुरुस्ती सवडीने करता येते.

अशी सोय फक्त मिंटमध्येच आहे असं म्हटलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल. ओपनसुसे या डिस्ट्रोमध्ये बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम आणि तिची छायाचित्रं घेणारं स्नॅपर यांची जोडी मुळातच बसवलेली असते, आणि बिघडलं तर बूट मेनूतूनच आधीच्या अवस्थेत जाता येतं. तांत्रिकदृष्ट्या ते टाइमशिफ्टपेक्षाही देखणं आहे. फेडोराच्या सिल्व्हरब्लूसारख्या आवृत्त्यांमध्ये अख्खी प्रणाली एकसंध बदलते आणि आदली प्रत तशीच राखलेली असते. एखादा शिकायला उत्सुक, इंग्रजी वाचायला न कंटाळणारा मुलगा असेल तर मी त्याला यांकडे आनंदाने पाठवीन. पण तिथे सॉफ्टवेअर बसवण्याचे रीतिरिवाज जरा वेगळे आहेत, आणि शोधून सापडणारी उत्तरं बरीचशी उबुंटू घराण्याची असतात. नवख्याची तिथे ओढाताण होते.

मागे फिरण्याचा विचार मनात धरला की आवृत्तीचे आकडेही वेगळे दिसू लागतात. उबुंटूच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना: २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येणारी आवृत्ती एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणारी, असते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना अवघे नऊ महिने. नवखा माणूस मोठा आकडा पाहून मधली आवृत्ती उतरवतो, आणि हात बसतो न बसतो तोच अख्खी प्रणाली बदलायची वेळ येते. फेडोराची आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला जवळपास तेरा महिने आधार असतो. फेडोरा मला फार आवडतं, नव्या गोष्टी तिथे आधी आणि नीटनेटक्या दिसतात. पण दरवर्षी मोठं अपग्रेड करण्याची तयारी नवख्याकडून मागणं मला रास्त वाटत नाही. मिंट हा प्रश्नच ठेवत नाही. त्याची मुख्य आवृत्ती एलटीएसवरच बेतलेली असते, आणि मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

आर्चबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तरुण मुलांना तो सल्ला हिरिरीने दिला जातो. आर्चला आवृत्त्याच नसतात, अपडेट सतत वाहत येतात. प्रणाली कशी जोडली जाते हे शिकण्यासाठी त्याच्याइतकं चांगलं साधन नाही, आणि आर्च विकी तर लिनक्सविषयीच्या उत्तमोत्तम लिखाणात मोडते. मिंट वापरणाराही अडला की तिथेच पोहोचतो. पण आर्चची अपेक्षा असते की अपडेट करण्याआधी तुम्ही त्यांच्या बातम्या वाचाल आणि कुठे हाताने काही करायचं असेल तर ते कराल. ज्याला हे हवंय त्याने ते जरूर घ्यावं, सहा महिने दुसरीकडे काढून. कालीबद्दल माझं मत याहून कडक आहे. सुरक्षा तपासणाऱ्या व्यावसायिकांसाठी बनवलेलं ते डिस्ट्रो, हॅकिंगच्या आकर्षणापोटी मुलं रोजच्या वापराला घेतात. कालीच्या निर्मात्यांनी स्वतःच आपल्या दस्तऐवजात स्पष्ट लिहून ठेवलं आहे की लिनक्सची ओळख नसणाऱ्यांना ते सुचवत नाहीत. एवढं सांगूनही ऐकत नसेल तर मी त्याला मिंट घेऊन त्यातच हवी ती साधनं बसवायला सांगतो, बरीचशी बसतात.

डेस्कटॉपविषयी फार काही बोलायला नको. विंडोजची सवय असणाऱ्याला सिनॅमन किंवा केडीई प्लाझ्मा लगेच हाताशी बसतं. ग्नोमला जरा वेळ द्यावा लागतो. जुन्या यंत्राला एक्सएफसीई हलकं पडतं. पण ४ जीबी मेमरीच्या यंत्रात खरी भूक ब्राउझरची असते; डेस्कटॉप हलका घेऊन पंधरा टॅब उघडले तर व्हायचा तो त्रास होतोच.

बिघाडाची मोठी वाट टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, जाते, म्हणून तिथे थांबतो. २०२१मध्ये एका नावाजलेल्या यूट्यूब मालिकेत, लिनक्स नव्यानेच वापरून पाहणाऱ्या सादरकर्त्याने पॉप ओएसवर गेम विकत घेऊन खेळण्यासाठीचं स्टीम बसवायला घेतलं. सॉफ्टवेअरच्या दुकानातून ते बसेना, म्हणून त्याने टर्मिनल उघडलं. त्या सुमारास पॅकेजांच्या परस्परावलंबनात गडबड झाली होती, आणि स्टीम बसवण्यासाठी ॲप्ट या पॅकेज मॅनेजरने डेस्कटॉपचीच पॅकेजं काढायचा बेत मांडला. त्याने तशी सूचनाही दिली: अत्यावश्यक पॅकेजं काढली जाणार आहेत, नेमकं काय करताय ते माहीत असल्याशिवाय हे करू नका. पुढे जायचं तर "येस, डू ॲज आय से!" असं अक्षरशः टाइप करावं लागणार होतं. त्याने ते टाइप केलं, आणि डेस्कटॉप गेला. त्यावर त्या माणसाची बरीच टर उडवली गेली, ते मला पटलं नाही. सूचना शेकडो ओळींच्या लोंढ्यात आली होती, आणि नवखा माणूस लोंढा वाचत नाही. त्याला एवढंच दिसतं की संगणक पुन्हा एकदा "नक्की ना?" विचारतोय. पॉपच्या लोकांनी पॅकेजांचा घोळ लगेच दुरुस्त केला, आणि पुढे ॲप्टमध्येही अशी पॅकेजं नुसतं वाक्य टाइप करून काढता येऊ नयेत असा बदल झाला. हे मला फार आश्वासक वाटतं. एक नवखा चुकला, आणि त्या चुकीमुळे पुढच्यांची वाट थोडी सुरक्षित झाली. नवख्यांच्या चुका ऐकून घेणारे लोक ज्या डिस्ट्रोमागे आहेत, ते डिस्ट्रो निवडावं.

टर्मिनलला घाबरू नये, पण सुडोने सुरू होणारी, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालणारी, आज्ञा चालवताना पडद्यावर येणारी "काढलं जाईल" ही यादी प्रत्येक वेळी वाचावी. आपण काही बसवायला निघालो असताना काढायची यादी लांबलचक दिसली, तर तिथेच एन दाबून थांबावं. सॉफ्टवेअर शक्यतो डिस्ट्रोच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्यावं, कारण ते काढायलाही तिथूनच येतं. साइटवरून फाइल उतरवून टिचकी मारायची विंडोजची सवय इथे सोडायची असते. मिंट २२मध्ये फ्लॅटपॅक या सगळ्या डिस्ट्रोंना चालणाऱ्या स्वरूपातले, मूळ निर्मात्याची खातरजमा न झालेले प्रोग्राम मुळात दाखवले जात नाहीत, ही गोष्ट मला नवख्याच्या दृष्टीने फार समंजसपणाची वाटते.

आणि एक मागे फिरणं याआधीचं, विंडोजमध्ये असतानाचं. अडोबीचे प्रोग्राम आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती लिनक्ससाठी निघत नाहीत. स्टीममागच्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८मध्ये प्रोटॉन आणल्यापासून विंडोजचे पुष्कळ गेम लिनक्सवर चालतात, पण अँटीचीट, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारा प्रोग्राम, लावलेले काही ऑनलाइन गेम अजूनही अडतात. म्हणून विंडोजवरच असताना महिनाभर लिबरऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी, गिंप वापरून बघावेत. आपल्या जुन्या फाइली लिबरऑफिसमध्ये उघडून त्यांची मांडणी विस्कटते का ते तपासावं. ज्याचं पोट फोटोशॉपवर आहे त्याला लिनक्स घे म्हणून गळ घालणं बरोबर नाही. त्याला मी दुसऱ्या संगणकावर, हौसेखातर घे असं सांगतो.

डिस्ट्रोमागे कोण आहे हा प्रश्न नवख्याला दूरचा वाटतो, पण मागे फिरण्याच्या वाटा शेवटी माणसंच राखतात. उबुंटूमागे कॅनॉनिकल ही कंपनी आहे, फेडोरामागे रेड हॅट. डेबियन स्वयंसेवकांचं. त्यांनी १९९७मध्ये आपला सामाजिक करार लिहून काढला, आणि आपला प्रमुख ते मतदानाने निवडतात. कंपनी मागे असली की पैसा असतो, माणसं पूर्ण वेळ काम करतात. पण डिसेंबर २०२०मध्ये रेड हॅटने जाहीर केलं की सेंटओएस ८चा आधार २०२९ऐवजी २०२१च्या अखेरीसच संपेल, आणि त्याच्या भरवशावर बसलेल्यांची धावपळ उडाली. सेंटओएस सर्व्हरवाल्यांचं होतं, घरच्या नवख्याला त्याची झळ लागली नाही. तरी आपण ज्याच्यावर उभे आहोत त्याचा निर्णय दुसरीकडे होतो, हे त्यातून लख्ख दिसलं. मिंटची टीम लहान आहे, मुख्यतः देणग्यांवर आणि प्रायोजकांवर चालते, आणि उबुंटूवर अवलंबून आहे. हा त्यांचा कच्चा दुवा. त्यांनी तो ओळखून एलएमडीई नावाची, थेट डेबियनवर उभी असलेली आवृत्ती जिवंत ठेवली आहे, उद्या उबुंटू नाहीसं झालं तरी मिंट चालू राहावं म्हणून. जी मंडळी स्वतःसाठी परतीची वाट आखून ठेवतात, ती वापरणाऱ्यांसाठीही आखतील असा विश्वास मला वाटतो.

तेव्हा मला विचाराल तर मिंट, सिनॅमन आवृत्ती. यंत्र थकलेलं असेल तर एक्सएफसीई. ग्नोमची मांडणी मनाला भावली असेल तर उबुंटूची एलटीएस, तिच्यात टाइमशिफ्ट आपल्या हाताने बसवून. विंडोजचं रूपच हवं असणाऱ्यासाठी झोरिन. त्याच उबुंटू घराण्यातलं असल्याने बाकी सगळं तिथेही लागू पडतं.

कुठलंही घ्या, पहिल्या आठवड्यात, महत्त्वाचं काही संगणकावर यायच्या आत, मी प्रत्येकाला एक काम करायला लावतो. टाइमशिफ्टचं छायाचित्र घ्यायचं. मग दोन-चार प्रोग्राम काढून टाकायचे, दोन-चार नवे बसवायचे. मग लॅपटॉप बंद करून पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा, टाइमशिफ्ट उघडायचं (तिथे नसेल तर आधी बसवून), आतली डिस्क निवडायची आणि कुणाला काहीही न विचारता प्रणाली परत आणायची. साधारण अर्ध्या तासाचं काम आहे. मी शेजारी बसतो, पण माउसला हात लावत नाही.